नेपाळला सेवेसाठी निघालेल्या दोघांना

निरोपाच्या उपासनेत बहुधा असं होतं. पाळकसाहेब दोघांना पुढे बोलावतात, पंच डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, महिला मंडळ शाल पांघरतं. मग साक्ष. पाचारण कोणत्या शिबिरात झालं, कोणतं वचन मिळालं, घरच्यांनी आधी कसा विरोध केला, हे सगळं तो सांगतो. ती शेजारी उभी असते. माइक तिच्याकडे आलाच तर 'आमच्यासाठी प्रार्थना करा' एवढं म्हणून ती तो परत देते. परदेशी सेवेला निघालेल्या, विशेषतः नेपाळची वाट धरू पाहणाऱ्या मराठी ख्रिस्ती जोडप्यांसाठी लिहायला बसलो, तर सुरुवात मला इथूनच करावीशी वाटते. तिकडे गेल्यावर जे बिनसतं त्याचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. मंडळी दोघांना पाठवते आणि तयारी मात्र एकाचीच झालेली असते.

विल्यम केरीचं नाव आपण आदराने घेतो. बंगालमधल्या श्रीरामपूरहून त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, पुढे पवित्र शास्त्राची मराठी भाषांतरंही तिथूनच आली. त्याच्या बायकोचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. डोरोथी केरी हिंदुस्थानात यायला तयार नव्हती. १७९३ मध्ये नुकती बाळंत झालेली असताना, आयत्या वेळच्या आग्रहापुढे मान तुकवून ती जहाजात चढली. दुसऱ्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि तिचं मन ढासळलं ते कायमचं. १८०७ मध्ये ती वारली. केरीची थोरवी यामुळे कमी होत नाही, पण त्या थोरवीची किंमत कुणी मोजली हे निघणाऱ्या प्रत्येक जोडप्याला ठाऊक असायला हवं.

उलट उदाहरण आपल्याच घरातलं आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मधला. लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा, तोही स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. मधली वर्षं दोघांना फार जड गेली. पण लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी आल्या, म्हणूनच टिळकांच्या मागे त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्या पूर्ण करू शकल्या.

म्हणून निघण्याआधी निदान तीन-चार महिने हे करा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं : मला का जायचं आहे, कशाची भीती वाटते, किती वर्षांसाठी जायचं, आणि तिथे सोमवारी सकाळी उठून मी नेमकं काय करणार. एकमेकांचं न बघता. मग एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्यासमोर बसून ते मोठ्याने वाचायचं. शेवटच्या प्रश्नाला दोघांपैकी एकाचं उत्तर 'मी घर सांभाळीन' एवढंच असेल, तर ते उत्तर तपासून घ्या. घर सांभाळणं हलकं काम नाही. पण ते मनापासून निवडलेलं असावं, वाट्याला आलेलं नसावं. आणि एकाचा होकार नुसता मान राखण्यापुरता आहे असं दिसलं तर माझं स्पष्ट मत आहे, थांबा.

आता नेपाळविषयी. हा देश बाहेरच्या ख्रिस्ती सेवकांना फार उशिरा खुला झाला. अठराव्या शतकात काठमांडूच्या खोऱ्यात कॅपुचिन पाद्री होते. पृथ्वीनारायण शाहच्या काळात, १७६९ मध्ये, त्यांना आणि त्यांच्या मूठभर नेवार ख्रिस्ती लोकांना देश सोडून बिहारात बेतियाकडे यावं लागलं. १९१४ मध्ये नेपाळी पवित्र शास्त्राचे भाषांतरकार गंगाप्रसाद प्रधान दार्जिलिंगहून कुटुंबकबिल्यासह काठमांडूला गेले, तेव्हा राणा सरकारने त्यांनाही परत धाडलं. १९५१ मध्ये राणाशाही गेली आणि दार उघडलं. ते उघडण्यात एका जोडप्याचा हात होता. रॉबर्ट फ्लेमिंग मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत शिक्षक आणि पक्ष्यांचे जाणकार. पक्ष्यांचे नमुने गोळा करायची परवानगी मिळवून ते १९४९ मध्ये नेपाळात गेले. पत्नी बेथेल डॉक्टर. पुढच्या एका मोहिमेत तानसेन या डोंगरी गावी पक्ष्यांच्या कामाबरोबर रोगी तपासण्याचंही काम झालं, लोकांनी दवाखाना मागितला, आणि सरकारकडून बोलावणं आलं. त्या बोलावण्याला उत्तर देण्यासाठी निरनिराळ्या मिशनांनी मिळून 'युनायटेड मिशन टू नेपाळ' स्थापन केलं, ते ५ मार्च १९५४ रोजी आपल्या नागपुरात. काठमांडूत राणांच्या एका जुन्या महालात शांता भवन रुग्णालय सुरू झालं, त्यात बेथेलबाईंचा वाटा मोठा. दोघांच्या हाती दोन वेगळी कामं होती आणि दोन्हींची त्या देशाला गरज होती, हे मला या हकिकतीत सर्वांत मोलाचं वाटतं.

तुम्हीही आधी हेच ठरवा. नर्स, शिक्षिका, हिशेबनीस, शेतीतला पदवीधर, वीजतंत्री, जे काम तुम्हाला इथे नीट येतं तेच तिथे न्या. ऑड हॉफ्तुन हा नॉर्वेचा इंजिनियर १९५८ मध्ये तानसेनच्या रुग्णालयाची इमारत बांधायला आला आणि पुढे बुटवलला त्याने तरुणांना हातातलं कसब शिकवणारी संस्था उभारली. तिथून शिकून निघालेल्यांनी पुढे जलविद्युत प्रकल्प उभे केले. इथे ज्याचं कोणत्याच कामात मन रमलं नाही, त्याचं तिथे जाऊन रमेल ही आशा धरू नये.

कायदा आधी वाचा, मग सामान बांधा. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेतलं २६वं कलम प्रत्येकाला आपला धर्म पाळायचं स्वातंत्र्य देतं आणि दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून अमलात आलेल्या फौजदारी संहितेच्या १५८व्या कलमाप्रमाणे कुणाचं धर्मांतर करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे : पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, आणि गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांच्या आत देशाबाहेर रवानगी. हे भारतीयांनाही लागू आहे. गोहत्या हाही तिथे गुन्हा आहे, तेव्हा खाण्यापिण्याच्या गप्पासुद्धा जपून.

या कायद्याकडे चोरवाट काढायची भिंत म्हणून पाहू नका. तुम्ही शिक्षक म्हणून गेलात तर शिक्षकच असा, मनापासून. शाळेत पाट्या टाकून खरं काम संध्याकाळी करणारा माणूस गावाच्या दोन महिन्यांत लक्षात येतो. कुणी तुमच्या विश्वासाविषयी विचारलं तर खरं ते सांगा, लपवू नका. पण पैसा, औषध, शाळेची फी, नोकरी यांतलं काहीही विश्वासाला जोडू नका. कुणी बाप्तिस्म्याची गोष्ट काढली तर तो विषय स्थानिक मंडळीच्या पास्टरांकडे जाऊ द्या. तुमच्यावर खटला झाला तर कधी ना कधी तुम्ही घरी परत याल. तुमच्याबरोबर पकडल्या गेलेल्या नेपाळी भावाचं घर मात्र तिथेच आहे. संस्थेमार्फत जात असाल तर तिचा नेपाळच्या समाज कल्याण परिषदेशी करार आहे का, आणि तुम्ही करायचं काम त्या करारात बसतं का, हे लेखी मागून घ्या.

प्रवासाचं सोपं आहे. १९५० च्या भारत–नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. प्रौढांजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधार कार्डावर विसंबून राहू नका. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची सीमा, पलीकडे भैरहवा, आणि बुटवलवरून चढत गेलं की तानसेन. पोहोचल्यावर काठमांडूच्या भारतीय दूतावासात नाव नोंदवून ठेवा. आपल्या शंभर रुपयांचे तिथे १६० होतात. पण मोठ्या भारतीय नोटांबाबतचे नियम बदलत आले आहेत, म्हणून चौकशी केल्याशिवाय जवळ बाळगू नका. घरून पैसे पाठवायला बँकांमार्फत खास भारत–नेपाळ सोय आहे, तिची माहिती निघण्याआधीच आपल्या बँकेत घ्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. कॅलेंडर बदलायला जरा वेळ लागतो : घरभाडं, विजेचं बिल, मुलांची शाळा सगळं विक्रम संवताने चालतं आणि वर्ष एप्रिलच्या मध्यावर वैशाखात सुरू होतं. तिथलं एक भिंतीवरचं कॅलेंडर पहिल्याच आठवड्यात आणा. दसैं आणि तिहार हे सण कधी आहेत ते त्यावर खुणा करून ठेवा, कारण त्या दिवसांत सगळा देश गावी जातो आणि कामं थांबतात.

आता भाषा. इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

मराठी माणसापुढे नेपाळात एक मोह असतो, हिंदीचा. तिथे बहुतेकांना हिंदी समजते, सिनेमामुळे बोलताही येते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तुमचं अडत नाही, आणि अडत नाही म्हणून वर्षानुवर्षं नेपाळी येत नाही. युरोपातून आलेली बाई सहा महिने वही घेऊन बसते आणि तिसऱ्या वर्षी आजीबाईंशी त्यांच्या दुखण्याविषयी बोलते. आपला माणूस पाचव्या वर्षीही हिंदीत प्रार्थना करतो. लोक ऐकून घेतात, पण त्यांना तो पाहुणाच वाटतो, आणि तोही मोठ्या शेजारी देशाचा. २०१५–१६ ची भारताच्या सीमेवरची नाकेबंदी नेपाळी माणूस विसरलेला नाही. २०१५ च्या भूकंपापाठोपाठ गॅस आणि औषधांसाठी लागलेल्या रांगांची आठवण अजून निघते. अशा ठिकाणी हिंदी बोलत हिंडणारा भारतीय नकळत थोरल्या भावाच्या ऐटीत बोलतोय असं वाटतं. तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत दुसरं कोणतंही काम अंगावर घेऊ नका. नेपाळी, फक्त नेपाळी. लिपी आपलीच, निम्मे शब्द ओळखीचे, त्यामुळे वाचायला आठवडाभरात लागाल. बोलायला मात्र माणसं लागतात.

आणि शिक्षक दोघांना हवा. ही अट मी सर्वांत वर ठेवीन. नवरा संस्थेच्या वर्गाला जातो आणि बायको मुलांना धरून घरी, हे घडू देऊ नका. सकाळचा तास एकाचा, दुपारचा दुसरीचा, त्या वेळी मुलं ज्याचा तास नाही त्याच्याकडे. पैसे कमी पडत असतील तर दुसरा खर्च कापा. शिकवणीचा उपयोग करायला मंडईइतकी चांगली जागा नाही. रोज एकाच बाईकडून भाजी घ्या. 'दिदी, आलु आधा किलो दिनुस् न', मग गोलभेंडा कसा दिला, आज साग का नाही. चौथ्या दिवशी ती तुमची चूक सुधारते, दहाव्या दिवशी मुलं किती विचारते, आणि महिनाभराने स्वतःच्या मुलीचं सांगू लागते. वयाने थोरल्याला दाइ-दिदी, धाकट्याला भाइ-बहिनी. अनोळख्याशी आणि मोठ्यांशी 'तपाईं', 'हजुर' सोडू नका. 'तिमी' लोक आपसांत वापरताना ऐकून तुम्हीही वापरायची घाई केलीत तर ते उद्धटपणाचं दिसतं.

घर भाड्याने घेताना मालकाला तुम्ही कोण, काय काम करणार, हे आधीच सांगा, ख्रिस्ती आहात हेही. नंतर कळलं तर विश्वासच उडतो. पाण्याचा टँकर किती दिवसांनी येतो, पाण्याची टाकी कोणासोबत वाटून घ्यायची आहे, हिवाळ्यात त्या खोल्यांत ऊन येतं का, हे विचारा. डिसेंबर-जानेवारीत काठमांडूच्या सिमेंटच्या घरांत बोचरा गारठा असतो आणि खोल्या उबदार ठेवायची सोय बहुतेक घरांत नसते. पाणी उकळूनच प्या. टायफॉइडची लस निघण्याआधी घ्या, तराईत राहणार असाल तर जपानी मेंदूज्वराच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारा. जेवण म्हणजे डाळभात, सकाळी दहाच्या सुमाराला आणि मग रात्री. भाकरीची आठवण आली तर ज्वारी शोधत बसू नका. डोंगरात नाचणी पुष्कळ पिकते, तिला तिथे कोदो म्हणतात. कुणाच्या घरी गेलात तर बोलावल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका, आणि उष्ट्याचा विधिनिषेध आपल्या आजीच्या काळाइतका कडक समजून वागा.

मंडळ्यांची उपासना शनिवारी असते, कारण तो सुट्टीचा वार. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप झाला तोही शनिवार होता, दुपारी बाराच्या आत. पुष्कळ ठिकाणी लोक उपासनेत असतानाच छप्पर कोसळलं. तुमच्या शेजारी बसलेल्या एखाद्याने त्या दिवशी आपलं माणूस गमावलेलं असू शकतं, हे लक्षात ठेवून बसा. चपला दाराबाहेर, आत सतरंजी, बहुतेक ठिकाणी बाया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला. मादलच्या ठेक्यावर गाणी होतात, सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात. नवखे दिसलात की 'जय मसिह' म्हणून कुणीतरी तुम्हाला पुढच्या खुर्चीकडे नेऊ लागेल. नम्रपणे नको म्हणा आणि खाली सर्वांबरोबर बसा. उपदेशाची विनंती आली तर पहिल्या वर्षी तीही टाळा. गाणी पाठ करा, चहाचे पेले धुवा, लोकांची नावं लक्षात ठेवा.

हे मी नम्रता दाखवायला सांगत नाही. नेपाळची मंडळी बाहेरून गेलेल्यांनी वाढवलेली नाही. परदेशी मिशनांनी सरकारशी करार केले ते रुग्णालयं, शाळा आणि विकासाच्या कामांचे, मंडळ्या चालवल्या त्या नेपाळी लोकांनी. १९५२ मध्ये पोखऱ्यात मंडळी उभी केली ती डेव्हिड मुखियांनी, भारतातल्या नेपाळी भाषकाने. पुढे बाप्तिस्म्यापायी तुरुंगात गेले तेही नेपाळीच. २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकांची संख्या पाच लाखांच्या वर, लोकसंख्येच्या १.७६ टक्के होती. ही मंडळी तुमच्याआधी तिथे आहे आणि तुमच्यानंतरही राहणार आहे. आपण मराठी ख्रिस्ती मिशन कंपाउंडात वाढलो. साहेब गेल्यावर बंगला कुणाचा, शाळा कुणाची, पगार कोण देणार, या वादांत आपल्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. टिळकांना हे आधीच दिसलं होतं, म्हणून १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. तो वाद नेपाळात पेरू नका. जमीन घेऊ नका, स्वतःची मंडळी काढू नका, स्थानिक पास्टरचा पगार आपल्या खिशातून सुरू करू नका. मदत करायचीच असेल तर त्यांच्या पंचांमार्फत, हिशेबासह.

फोटोंचं फार जपा. घरच्या मंडळीला अहवाल हवा असतो, आणि अहवालात नदीतल्या बाप्तिस्म्याचं छायाचित्र असलं की सगळे आनंदतात. ते छायाचित्र व्हॉट्सअॅपवरून फेसबुकवर गेलं की त्यातल्या प्रत्येकाविरुद्ध पोलीस तक्रार होऊ शकते. नेपाळी विश्वासूंची नावं, गावं, चेहरे बाहेर पाठवायचे नाहीत, हा नियम दोघांनी मिळून पहिल्याच दिवशी करा आणि तो घरी लेखी कळवा.

मुलांसाठी काठमांडूत केंद्रीय विद्यालय आहे, इतरत्र नेपाळी शाळा. लहान मुलांना मी नेपाळी शाळेतच घालीन, ती दोन महिन्यांत तुमच्यापेक्षा चांगली बोलतील. घरात मात्र मराठी बोला, नाहीतर सुट्टीत आजीशी बोलायला त्यांना दुभाषा लागेल.

नवराबायको म्हणून तुमचं काय होईल तेही सांगतो. इथे भांडण झालं की माहेर आहे, मित्र आहेत, ऑफिस आहे. तिथे पहिले सहा महिने एकमेकांखेरीज कुणीच नाही, आणि दोघंही रोज दिवसभर न समजणाऱ्या भाषेत थकलेले. साध्या गोष्टींवरून चिडचिड होते. आठवड्यातली एक संध्याकाळ सेवेचा एकही शब्द न काढता घालवा. सतत झोप न लागणं, कारण नसताना रडू येणं, घराबाहेर पडायची भीती, हे दोघांपैकी कुणालाही आठवड्यांवर आठवडे होऊ लागलं तर त्याला विश्वासाची कमतरता समजू नका. डॉक्टरकडे जा, आणि गरज पडली तर काही महिने घरी या. घरी येण्यात पराभव नाही. डोरोथीला घरी यायची वाटच नव्हती, तुम्हाला ती आहे.

शेवटी पाठवणाऱ्या मंडळ्यांच्या पंचांना एक विनंती. पहिल्या वर्षी या दोघांकडे बाप्तिस्म्यांचे आकडे मागू नका, भाषा किती आली ते विचारा. महिन्याची मदत ठरल्या तारखेला पाठवा. फोन कराल तेव्हा तिला वेगळा करा, तिच्या शिक्षिकेचं, तिच्या कामाचं, तिच्या तब्येतीचं विचारा, आणि ती सांगेल ते मंडळीच्या सभेत तिच्या नावाने वाचून दाखवा.